एक्स-रे मावशींचा स्टेशनातला जावई

हॉस्पिटलात त्यांना सगळे एक्स-रे मावशी म्हणत. वास्तविक मावशींचा एक्स-रे खात्याशी काडीचाही संबंध नव्हता. त्या पुरुषांच्या वॉर्डात आया होत्या. चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं, अंग पुसायचं, आणि एखादा पेशंट गेलाच तर घरच्यांनी पाहण्याआधी त्याला नीटनेटकं करून ठेवायचं, ही त्यांची कामं. नाव पडलं ते नजरेमुळे. मावशींनी एकदा रोखून पाहिलं की समोरच्याने खिशात लपवलेलं आणि पोटात लपवलेलं, दोन्ही बाहेर. पथ्यावरच्या पेशंटच्या उशीखालची बिस्किटं त्यांना दारातूनच कळत. पाठ धरली म्हणून रजा मागणारा वॉर्डबॉय त्यांच्यासमोर आला की त्याची पाठ आपोआप सरळ व्हायची.

घरीही तेच. फळवाला ‘हे घ्या, साखर आहे साखर’ म्हणाला की मावशी मुद्दाम शेजारचं फळ उचलणार. मीटर बघायला माणूस आला तर दाराला साखळी लावून फटीतून आधी त्याचं ओळखपत्र बघणार, मग त्याचे बूट, मग मीटर. त्यांचा धाकटा भाऊ म्हणायचा, “ताई, तू स्वर्गाच्या दारात गेलीस तरी देवाला म्हणशील, आधी ओळखपत्र दाखव.”

“म्हणेनच,” मावशी म्हणायच्या. “सोंगं घेणारे काय कमी आहेत?”

नवरा फार लवकर गेला होता. कसा गेला ते मावशी कुणाला सांगत नसत. ‘ते गेले’ म्हटलं की विषय संपला. पदरी एकच मुलगी. तिला त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाढवलं, आणि योगायोग असा की ती पुढे चष्म्याच्याच दुकानात नोकरीला लागली. तिथेच चष्म्याची काडी दुरुस्त करायला आलेल्या एका मुलाशी तिचं जमलं.

“करतो काय?” मावशींनी विचारलं.

“स्टेशनवर असतो. मोठ्या स्टेशनवर.”

“स्टेशनवर काय, भिकारीही असतात. हा काय करतो? गाडी चालवतो? तिकिटं देतो? झेंडा दाखवतो?”

“प्रवाशांच्या मदतीला असतो.” मुलीने कपडे घडी करता करता सांगितलं, आणि नेमकी तेव्हाच तिची मान खाली गेली. मावशींनी ती खाली गेलेली मान पाहिली.

“मदत हा हुद्दा झाला होय गं? मी पण जगाला मदतच करते. मला आया म्हणतात. याला काय म्हणतात?”

“आई, तू त्याला भेट ना. मग विचार.”

तो आला. अंगाने दणकट, बोलायला मऊ. जेवणाआधी हात धुवायला गेला तो बराच वेळ बाहेरच येईना. मावशींनी कान दिला. पाणी वाहत होतं, साबण घासला जात होता. कामाचं विचारलं तर म्हणाला, “धावपळीचं काम आहे, आई. कधी काय येईल सांगता येत नाही.” यात शेंडा ना बुडखा. पुढचं विचारणार तोच त्याचा फोन वाजला आणि तो उठून जिन्यात गेला. मावशी भांडी उचलायच्या निमित्ताने दाराशी गेल्या. तो भिंतीकडे तोंड करून अगदी हळू, अगदी गोड आवाजात बोलत होता. “घाबरू नका. मी असेन ना तिथे. तुम्ही फक्त या.”

मावशींच्या हातातली ताटं तशीच राहिली. जिन्यात जाऊन कुजबुजणारा पुरुष त्यांनी वॉर्डात ढीगभर पाहिला होता. बायको फळं घेऊन यायच्या आत ज्यांचे दुसरे फोन उरकलेले असायचे, ते सगळे असेच बोलत. इथे नक्की पाणी मुरत होतं.

त्या भावाला म्हणाल्या, “मुलगी आंधळी झालीय. चष्म्याच्या दुकानात बसून आंधळी झालीय.”

“मग जा आणि बघून ये,” भाऊ म्हणाला. “हातच्या कंकणाला आरसा कशाला? स्टेशन काय पळून जातंय?”

मावशींनी पुढची साप्ताहिक सुट्टी धरली. मुलीला सांगितलं की मैत्रिणीच्या सुनेला बघायला जाते. मोठं स्टेशन शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि मावशी आजवर तिथे कधी गेल्या नव्हत्या. त्यांचं माहेर, सासर, नोकरी, सगळं बसच्या टप्प्यातलं. त्यांनी एक बस घेतली, मंडईपाशी दुसरी घेतली. कंडक्टरने एका थांब्यावर ओरडून सांगितलं, “स्टेशनवाले उतरा!” मावशी उतरल्या नाहीत, कारण खिडकीतून स्टेशन काही दिसत नव्हतं. पुढच्या थांब्यावर ते मागे पडलेलं दिसलं. मग चालत उलट आल्या.

समोर एवढा मोठा दरवाजा, वर घड्याळ, आणि दरवाज्यापुढे टॅक्स्यांची रांग. एक टॅक्सीवाला दात कोरत पुढे आला. “बाई, हा दरवाजा बंद आहे. काम चाललंय. बसा, पलीकडून सोडतो.”

“बरा सापडलास,” मावशी म्हणाल्या. “स्टेशनचा दरवाजा बंद आणि तुझ्या टॅक्सीचा तेवढा उघडा!”

त्या ताठ मानेने थेट पायऱ्या चढून वर गेल्या. दरवाजा बंद होता. पत्रे ठोकलेले, आत कुठेतरी ड्रिलचा घरघराट. मावशी पायऱ्या उतरल्या आणि त्याच टॅक्सीवाल्यासमोरून, त्याच्याकडे न बघता, स्टेशनला वळसा घालायला निघाल्या. तो हसलाही नाही. तो हसला असता तर बरं, असं त्यांना वाटलं.

वळसा संपता संपेना. पार्सलच्या ढिगांमागून, सायकलींच्या तळाला चिकटून, एका भुयारी वाटेने त्या शेवटी आत शिरल्या त्या थेट माणसांच्या लोंढ्यात. आधी त्यांनी पर्स पोटाशी धरली. मग वर पाहिलं. छप्पर इतकं उंच की कबुतरं तिथे वेगळ्याच गावात राहत असल्यासारखी. फळ्यावर गाड्यांची नावं सरकत होती. कुणी बाकावर, कुणी बोचक्यावर, कुणी जमिनीवर अंग टाकलेलं, आणि प्रत्येकाचा एक हात सामानावर. ही एक गोष्ट मावशींना पसंत पडली. इथली माणसं कुणावर विश्वास ठेवत नव्हती.

त्यांनी फलाटाचं तिकीट काढलं आणि चौकशीच्या खिडकीशी जाऊन त्या मुलाचं नाव सांगितलं.

“कुठल्या गाडीने येतोय?” आतल्या बाईंनी विचारलं.

“येत नाही. इथेच असतो. प्रवाशांच्या मदतीला.”

“मदत कक्ष पुढे, डावीकडे.”

मदत कक्षात व्हीलचेअर ढकलणारे दोघे बसले होते. त्यांनी नाव ऐकून ओठ बाहेर काढले. असा कुणी आमच्यात नाही. हरवलं-सापडलं खात्यात बघा. त्या खात्यात छत्र्यांच्या राशीमागे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मावशींचं काय हरवलंय ते आधी विचारलं. “अजून हरवलेलं नाही,” मावशी म्हणाल्या, “हरवू नये म्हणूनच आलेय.” तिथेही नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सामानघर झालं, पार्सल झालं, प्रतीक्षालय झालं. प्रत्येक खिडकीवर एक नकार. मावशींच्या मनात आता चित्र पुरं झालं होतं. मुलगा स्टेशनात नाहीच. सकाळी घरून निघायचं, दिवसभर भलतीकडेच काढायचा आणि संध्याकाळी ‘धावपळ झाली’ म्हणायचं. असे लोक असतात. आणि फोनवरची ती ‘तुम्ही फक्त या’वाली कोण, तेही आज कळलं तर बरंच.

त्या एका खांबाला टेकल्या तेवढ्यात खांद्यावर हात पडला. रेल्वे पोलिसातली एक बाई होती, मावशींच्या मुलीपेक्षा थोडी मोठी.

“काकू, मघापासून बघतेय मी. सामान नाही, गाडी पकडत नाही, कुणाला सोडायला नाही. ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. काय चाललंय?”

मावशी आधी गोंधळल्याच. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला बॅगा उचलणाऱ्या टोळीतली बाई समजलं जातंय.

“माझ्यावर संशय? माझ्यावर?” त्यांचा आवाज चढला. “तीस वर्षं लोकांचे दागिने काढून कागदात बांधून त्यांच्या घरच्यांच्या हातात दिलेत मी. एक कानातलं फूल कधी इकडचं तिकडे झालं नाही!”

“मग शोधताय काय?”

“जावई.”

पोलीस बाईला हसू आलं. मावशींनी फोनमधला फोटो दाखवला, मुलीने पाठवलेला. तो बघताच हसू मावळलं.

“हा होय! हा तर आपला...” ती थांबली. “तुम्हाला काय सांगितलंय त्याने?”

हा प्रश्न मावशींना सुरीसारखा लागला. चांगल्या माणसाबद्दल कुणी असा उलटा प्रश्न विचारत नाही.

“काय सांगायला हवं होतं?”

“तुम्ही इथे बसा काकू. मी त्याला निरोप देते. तो मोकळा झाला की येईल.”

“कशातून मोकळा?”

“बसा तुम्ही,” असं म्हणून ती गेली. मावशी अर्थातच बसल्या नाहीत. चार पावलं मागे ठेवून त्या तिच्या पाठोपाठ निघाल्या. पोलीस बाई पहिल्या फलाटाच्या अगदी टोकाला गेली. तिथे छप्पर संपत होतं, गर्दी संपत होती, आणि एक बुटकी खोली होती. बाकी सगळ्या स्टेशनभर पाट्याच पाट्या आणि नेमकी याच दाराला पाटी नाही. मावशी पाण्याच्या टाकीआड उभ्या राहिल्या.

तेवढ्यात फलाटाच्या उतारावरून दोघे जण स्ट्रेचर घेऊन आले. मागचा वयस्कर होता. पुढचा तो होता.

स्ट्रेचरवर चादर होती, डोक्यापर्यंत ओढलेली. मावशींना दुसरं काही बघावं लागलं नाही. आणि मगच त्यांना कळलं की कुठल्याच खिडकीवर नाव का माहीत नव्हतं. त्यांच्या हॉस्पिटलातही शवागाराच्या माणसाचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

पण कळलं म्हणजे पटलं असं नव्हे. उलट आता त्या जास्तच सावध झाल्या. या कामात माणसाची खरी परीक्षा कुठे होते ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? मेलेला माणूस तक्रार करत नाही. बोटातली अंगठी, खिशातलं पाकीट, मनगटावरचं घड्याळ. वॉर्डात दोन जणांना त्यांनी स्वतः पकडून दिलं होतं, आणि त्यातला एक असाच मऊ बोलायचा.

खोलीची खिडकी अर्धी उघडी होती. मावशी टाकीआडून खिडकीशी सरकल्या. आत स्ट्रेचर टेबलावर ठेवलं होतं. वयस्कर माणूस पाणी प्यायला बाजूला झाला. पोलीस बाई आणि एक हवालदार दाराशी बोलत होते. आणि त्या मुलाने इकडे तिकडे पाहून, चादर जरा बाजूला करून, मृताच्या कोटाच्या खिशात हात घातला.

मावशी आत बघत होत्या आणि मनातल्या मनात मुलीला म्हणत होत्या, बघ, बघ आता.

हात बाहेर आला त्यात एक फोन होता. आवाज बंद केलेला, नुसता थरथरत होता.

“साहेब,” तो हवालदाराला म्हणाला, “घरून येतोय. तुम्ही घेताय?”

हवालदाराने मान हलवली. “तूच घे बाबा. मला नाही जमत ते.”

मुलाने फोन कानाला लावला, भिंतीकडे तोंड केलं आणि तोच तो आवाज लावला. जिन्यातला.

“हो, हा त्यांचाच फोन. मी स्टेशनवरून बोलतोय. त्यांना बरं वाटेनासं झालं पायऱ्यांवर... हो, आमच्याजवळच आहेत. डॉक्टरांनी बघितलंय. घाबरू नका. मी आहे ना इथे. तुम्ही फक्त या. एकट्या येऊ नका, शेजारचं कुणी घ्या सोबत. मोठा दरवाजा बंद आहे, टॅक्सीवाल्याला सांगा पार्सलकडून घ्यायला. मी तिथेच उभा असेन.”

फोनवरची ‘ती’ कोण याचा मावशींना उलगडा झाला होता. पण त्यांना सुटल्यासारखं वाटलं नाही. असंच बोलणं त्यांच्या कानावर पूर्वी एकदा पडलं होतं. त्या खिडकी सोडून दाराकडे गेल्या आणि पोलीस बाईला बाजूला सारून आत शिरल्या.

तो वळला. “आई? तुम्ही इथे?”

“खोटं का बोललास?”

“तुमच्या मुलीनेच सांगितलं होतं की आत्ताच नको सांगू, मला वाटलं...”

“माझ्याशी नव्हे. तिच्याशी. आत्ता. फोनवर.”

वयस्कर माणूस पाण्याचं भांडं हातात धरून तसाच उभा राहिला.

“आई, फोनवर कसं सांगणार?” तो हळूच म्हणाला. “नवा होतो तेव्हा एकदा खरं सांगितलं. त्या बाई तशाच अनवाणी निघाल्या. रस्ता ओलांडताना गाडीखाली यायच्या वाचल्या. तेव्हापासून नाही सांगत. इथे पोचल्या, बसल्या, सोबत कुणी असलं, की सांगतो.”

“मलाही असंच सांगितलं होतं,” मावशी म्हणाल्या. त्यांनी हे भावालाही कधी सांगितलं नव्हतं. “कारखान्यातून फोन आला. काही नाही, थोडं लागलंय, सावकाश या. सावकाश या म्हणाले म्हणून मी स्वयंपाक केला. डबा भरला. त्यांना तिखट चालायचं नाही म्हणून वेगळं केलं. तो डबा घेऊन मी कारखान्याच्या दारात गेले आणि सगळे माझ्या हातातल्या डब्याकडे बघत होते. तो डबा कुठे ठेवू ते मला कळेना. खाली ठेवायलाही जागा नव्हती.”

मुलाने काही सफाई दिली नाही, माफीही मागितली नाही. तो म्हणाला, “मग काय सांगायला हवं होतं त्यांनी?”

हे मावशींना आजवर कुणी विचारलं नव्हतं. टेबलावरच्या माणसाचा एक पाय चादरीबाहेर आला होता. त्यांनी सवयीने पुढे होऊन चादर पायाखाली खोचली.

“सांगायचं, फार लागलंय,” त्या शेवटी म्हणाल्या. “हातातलं काम टाकून या, असं सांगायचं. वाटेत माणूस रडतो, रडू दे. निदान वाटेत तरी त्याला कळू दे की आता वेळ वेगळी आहे. सोबत आणायला सांगितलंस ते बरं केलंस. मला तेवढंही कुणी सांगितलं नव्हतं.”

त्याने मान डोलावली. मग घड्याळाकडे न पाहता म्हणाला, “मी जातो तिकडे उभा राहायला. त्या जवळच राहतात.”

“चल,” मावशी म्हणाल्या. “बाईमाणूस असावं सोबत. आणि तुझ्यावर मी नजर ठेवणार आहे, हे विसरू नकोस.”

दोघं पार्सलच्या दरवाज्याशी जाऊन उभी राहिली. टॅक्सी आली. आतून एक वयस्क बाई उतरल्या, सोबत शेजारचा माणूस. बाईंच्या हातात एक लोकरी शाल होती. “त्यांना थंडी सोसत नाही,” त्या उतरता उतरता म्हणाल्या. “फलाटावर वारा असतो ना.”

मुलगा त्या शालीकडे बघत उभा राहिला. मावशींनीच ती शाल त्यांच्या हातातून घेतली, आपल्या खांद्यावर टाकली, आणि मोकळा झालेला हात हातात धरला. “चला,” त्या म्हणाल्या, “आधी बसू या.” सांगायचं ते त्या मुलानेच सांगितलं, बाकासमोर उकिडवं बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून, एका वाक्यात. मावशींनी ते वाक्य तपासून घेतलं. त्यात कुठेही पाणी घातलेलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मावशी पर्सही न ठेवता मुलीसमोर बसल्या.

“माझ्यापासून का लपवलंस?”

मुलीला काय ते लगेच कळलं. “तू कामावरून आलीस की दाराशी मला लांब ठेवतेस. कोपरापर्यंत हात धुतेस, पुन्हा धुतेस. कुणी गेलेलं असलं त्या दिवशी तर माझ्या ताटालाही हात लावत नाहीस. मला लहानपणापासून वाटायचं की तुला त्या कामाची किळस आहे. म्हटलं, जन्मभर किळस केली त्याच कामाचा जावई कसा आणू?”

“किळस?” मावशी थक्क झाल्या. “अगं, किळस कसली? मला वाटायचं, तुला किळस येत असेल. म्हणून धुवायचे.”

एका छताखाली वीस-बावीस वर्षं दोघी अशा एकमेकींना चुकवत आल्या होत्या, आणि एक्स-रे मावशींना त्याचा पत्ता नव्हता. त्या रागावल्या, मग हसल्या, मग पुन्हा रागावल्या, कारण मुलगी त्यांच्याआधी हसली होती.

लग्न झालं. मावशी बदलल्या असं कुणी म्हणत असेल तर त्यांना ओळखत नाही. लग्नाआधी त्यांनी जावयाच्या वयस्कर जोडीदाराला चहाला बोलावून त्याच्या पिण्याची, उधारीची, घरभाड्याची चौकशी केली. मग पोलीस बाईला गाठून जोडीदाराने खरं सांगितलं की नाही ते विचारलं. हॉल बघायला गेल्या तेव्हा मालकाला गच्चीपर्यंत चढायला लावलं. भाऊ म्हणाला, “ताई, अजून पटला नाही का तुला?”

“पटलाय की,” मावशी म्हणाल्या. “म्हणून तर बघतेय. न पटलेल्याची एवढी उस्तवार कोण करतो?”

आता त्या निवृत्त झाल्यात. महिन्यातून एखाद्या दुपारी, जावयाची पाळी असली की, त्या दोन बस बदलून स्टेशनात जातात. मोठा दरवाजा आता उघडलाय, पण त्या पार्सलकडूनच आत शिरतात, तिथे गर्दी कमी असते म्हणून. टोकाच्या खोलीबाहेर एक बाकडं टाकलंय. घरचं कुणी एकटं आलं तर मावशी त्याच्याशेजारी बसतात. नसेल कुणी, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगांकडे बघत राहतात. मागे एका माणसाच्या हातातली बॅग त्याची नाही असं त्यांनी नुसतं चालण्यावरून ओळखलं आणि पोलीस बाईला बोलावलं. बॅग त्याचीच निघाली. मावशींनी त्याला जाऊ दिलं, पण तो गाडीत चढेपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही.